उष्णता बाहेर जाण्याची वाट
भंडारा जिल्ह्यातील जुन्या मोटारी आणि त्यांचा मंदावलेला एसी

वैनगंगेच्या खोऱ्यात वसलेल्या भंडारा जिल्ह्याचा उन्हाळा मार्चच्या उत्तरार्धात जाणवू लागतो आणि मेच्या अखेरीस, सूर्य रोहिणी नक्षत्रात गेल्यानंतरच्या नऊ दिवसांत, म्हणजे ज्याला विदर्भात नवतपा म्हणतात त्या काळात, परमावधीला पोहोचतो. या दिवसांत दुपारचे तापमान ४४-४५ अंश सेल्सिअसपर्यंत जाणे येथे अपवादाचे राहिलेले नाही; शेजारच्या नागपुरात २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंशांची नोंद झाली होती. अशा दुपारी साकोलीहून, पवनीहून किंवा लाखांदूरहून रुग्णाला नागपूरच्या रुग्णालयात नेणाऱ्या मोटारीतील वातानुकूलन यंत्रणेला चैनीची वस्तू म्हणता येत नाही, कारण वृद्ध, तान्ही मुले, गरोदर स्त्रिया आणि हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्या व्यक्ती यांना दोन-तीन तासांचा असा प्रवास शरीराच्या सहनशक्तीच्या टोकाशी नेऊन ठेवू शकतो. मालमोटारींच्या बाबतीत कायद्यानेही हे मान्य केले आहे: १ ऑक्टोबर २०२५ पासून निर्माण होणाऱ्या मध्यम व अवजड मालमोटारींच्या चालककक्षात वातानुकूलन यंत्रणा बंधनकारक झाली असून, ज्या जिल्ह्यातील गडेगावात अशोक लेलँडचा कारखाना आहे त्या जिल्ह्याला या नियमाचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

खासगी मोटारींसाठी मात्र असा नियम नाही, आणि असता तरी जुन्या मोटारींना त्याचा उपयोग झाला नसता. खासगी मोटारीची नोंदणी प्रथम पंधरा वर्षांसाठी होते व त्यानंतर तपासणीत योग्य ठरलेल्या गाडीची नोंदणी पाच पाच वर्षांनी वाढवता येते, त्यामुळे ‘एमएच ३६’ आणि ‘एमएच ३१’ अशा क्रमांकांच्या दहा-पंधरा वर्षांहून जुन्या अल्टो, वॅगन आर, सँट्रो, इंडिका आणि क्वचित मारुती ८०० अजूनही कुटुंबाच्या रोजच्या उपयोगात दिसतात. अशा गाड्यांविषयीची तक्रार बहुधा एकाच वाक्यात मांडली जाते: एसी चालू होतो, पण गार करत नाही. त्यावरचा उपायही तितकाच ठरून गेलेला आहे: गॅस भरून घ्यावा. या दुसऱ्या वाक्याने जुन्या मोटारींचे, त्यांच्या मालकांचे आणि वातावरणाचेही मोठे नुकसान केले आहे, कारण गॅस हे पेट्रोलसारखे खर्च होणारे इंधन नसून बंद मार्गात फिरत राहणारा पदार्थ आहे. तो कमी झाला असेल तर कोठून तरी गळला आहे, आणि तो कमी झालेला नसेल तर एसी मंदावण्याचे कारण मुळातच अन्यत्र आहे.

हे अन्यत्र म्हणजे कोठे, हे समजण्यासाठी यंत्रणेचे कार्य थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. वातानुकूलन यंत्र थंडी निर्माण करत नाही; ते गाडीच्या आतील उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकते. हे वाहतुकीचे काम प्रशीतक करतो, म्हणजे सहज वाफ होणारा व दाब वाढवल्यास पुन्हा द्रव होणारा पदार्थ, ज्याला कामशाळेत गॅस म्हणतात. सध्याच्या जुन्या गाड्यांत तो बहुधा आर-१३४ए असतो आणि साध्या वातावरणीय दाबाखाली तो उणे २६ अंशांनाच उकळतो. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा कॉम्प्रेसर त्याची वाफ दाबून तापवतो. ही तापलेली वाफ गाडीच्या नाकाशी, रेडिएटरच्या पुढे बसवलेल्या कंडेन्सर नावाच्या जाळीत शिरते, तेथे बाहेरच्या हवेला उष्णता देऊन द्रव होते. हा द्रव रिसीव्हर-ड्रायर या गाळणीवजा डबीतून जातो, जेथे त्यातील ओलावा शोषला जातो. मग एक्सपान्शन व्हॉल्व्हच्या अरुंद छिद्रातून तो फवारल्यासारखा बाहेर पडतो, दाब एकदम उतरतो आणि डॅशबोर्डमागील कूलिंग कॉइलमध्ये तो शून्याच्या थोड्या वरच्या तापमानाला उकळू लागतो. उकळण्यासाठी लागणारी उष्णता तो कॉइलवरून वाहणाऱ्या आतल्या हवेतून घेतो, ती हवा थंड होते, आणि वाफ पुन्हा कॉम्प्रेसरकडे परतते.

या चक्रात सर्वांत जास्त हाल होणारा आणि सर्वांत कमी तपासला जाणारा भाग म्हणजे कंडेन्सर होय. त्याला उष्णता टाकायची असेल तर त्याचे स्वतःचे तापमान बाहेरच्या हवेपेक्षा बरेच अधिक असावे लागते. हवा ४३ अंशांची असेल, जाळी स्वच्छ असेल आणि पंखा जोमाने फिरत असेल, तर प्रशीतक साधारण ६० अंशांना द्रव होतो आणि त्या तापमानाला आर-१३४एचा दाब मापकावर सुमारे २३० पीएसआय, म्हणजे दर चौरस इंचाला तितके पाउंड, असा दिसतो. जाळी कचऱ्याने भरली की तीच उष्णता टाकण्यासाठी तापमान ७० अंशांवर चढावे लागते व दाब २९० पीएसआयच्या पुढे जातो. येथे नुकसान तिहेरी असते. कॉम्प्रेसरला अधिक दाबाविरुद्ध काम करावे लागल्याने तो प्रत्येक फेऱ्यात कमी वाफ पुढे ढकलतो. इंजिनावरचा भार वाढून लहान गाडी चढावर रडू लागते. आणि कंडेन्सरमधून निघालेला द्रव जितका अधिक गरम, तितका त्याचा मोठा हिस्सा एक्सपान्शन व्हॉल्व्हपाशीच वाफ होऊन वाया जातो, म्हणून कूलिंग कॉइलला मिळणारे शीतन आणखी घटते. शेवटी दाब फारच वाढला तर सुरक्षेसाठी बसवलेला दाब-स्विच कॉम्प्रेसर बंद करतो, आणि बसणाऱ्याला वाटते की एसी मधूनमधून आपोआप जातो.

भंडारा हा धानाचा जिल्हा आहे, आणि कंडेन्सरच्या दृष्टीने ही गोष्ट अतिशय महत्त्वाची आहे. खरिपाच्या धानाची कापणी व मळणी ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत चालते; जेथे धरणाचे, कालव्याचे किंवा बोअरचे पाणी मिळते तेथे उन्हाळी धान मे-जूनच्या सुमारास निघते, म्हणजे नेमक्या सर्वाधिक तापलेल्या दिवसांत बांध्यांमधून हार्वेस्टर फिरतात आणि तणसाचे बारीक तुकडे, फोल व धूळ हवेत भरून राहते. तुमसर, मोहाडी, साकोली या भागांतील भातगिरण्यांच्या परिसरात कोंडा व भुसा उडत असतो. चिखला आणि डोंगरी बुजुर्ग या मँगनीजच्या खाणींकडील रस्त्यांवर काळसर बारीक धूळ असते. एप्रिल-मेमध्ये सावरीचा कापूस तरंगत येतो. आणि तलाव व बांध्या यांनी भरलेल्या या प्रदेशात पावसाळ्याच्या रात्री महामार्गावरून जाणाऱ्या गाडीच्या नाकावर किड्यांचा थर बसतो. हे सर्व द्रव्य कंडेन्सरच्या पातळ ॲल्युमिनियम पंखांत अडकते, पहिल्या पावसात भिजते, वाळून घट्ट होते आणि वर्षानुवर्षे साचत जाते.

त्यातही जो कचरा डोळ्यांना दिसतो तो कमी धोक्याचा असतो. बहुसंख्य लहान गाड्यांत कंडेन्सर पुढे आणि रेडिएटर मागे, दोघांमध्ये बोटभर फट, अशी रचना असते. पुढच्या जाळीतून निसटलेले तणीस व कापूस या फटीत अडकून नमद्यासारखा थर तयार होतो, आणि समोरून पाहिले असता कंडेन्सर अगदी स्वच्छ दिसतो. म्हणून जुन्या गाडीची पहिली तपासणी बंपर किंवा वरची पट्टी काढून या फटीत विजेरीचा प्रकाश टाकून करावी. धुताना पाण्याची दिशा मागून पुढे, म्हणजे कचरा ज्या वाटेने आला त्याच्या उलट असावी व पाण्याचा जोर साध्या बागेच्या नळीइतकाच असावा. धुलाई केंद्रातील जोरदार फवारा तिरका लागला तर पंख वाकून आडवे होतात आणि धुतल्यानंतर हवा पूर्वीपेक्षाही कमी जाते. वाकलेले पंख बारीक दातांच्या फणीने सरळ करता येतात. अपघातानंतरच्या स्वस्त दुरुस्तीत अनेकदा बंपरमागचे प्लास्टिकचे पडदे व कडेच्या रबरी पट्ट्या पुन्हा बसवल्या जात नाहीत, आणि त्या नसल्या की इंजिनाकडची तापलेली हवा वळसा घालून पुन्हा कंडेन्सरच्या तोंडाशी येते. हा दोष कोणत्याही मापकावर थेट दिसत नाही, म्हणून तो वर्षानुवर्षे टिकतो.

कंडेन्सरइतकाच त्याचा पंखा महत्त्वाचा आहे. येथे चालकाचे स्वतःचे निरीक्षण मेकॅनिकच्या उपकरणाइतके मोलाचे ठरते. मुंबई-कोलकाता मार्ग म्हणून परिचित असलेल्या, पूर्वी ६ आणि आता ५३ क्रमांक असलेल्या राष्ट्रीय महामार्गावर ताशी ७० किलोमीटरने जाताना एसी चांगला गार करतो, पण भंडारा शहरात सिग्नलपाशी किंवा रेल्वे फाटकाशी गाडी थांबली की हवा कोमट होते, असे असेल तर गॅसवर संशय घेण्यापूर्वी पंख्याकडे पाहावे, कारण धावत्या गाडीत वारा जे काम करतो ते थांबलेल्या गाडीत पंख्यालाच करावे लागते. एसीचे बटण दाबताच पंखा सुरू व्हावा. काही गाड्यांत त्याच्या दोन गती असतात व मंद गतीचा रोधक जळाल्यास इंजिन फार तापेपर्यंत तो फिरतच नाही. जुन्या मोटरचे कार्बन ब्रश झिजले की पंखा फिरतो, परंतु हवा ओढत नाही. दुरुस्तीत तारा उलट जोडल्या गेल्यास तो उलटा फिरतो आणि समोरून येणाऱ्या वाऱ्याशी झगडतो. कागदाचा तुकडा जाळीसमोर धरून तो आत ओढला जातो का, एवढ्या साध्या परीक्षेने हा दोष उघड होतो. सर्वांत स्वस्त निदान याहूनही सोपे आहे: थांबलेल्या गाडीत कोमट हवा येत असताना कंडेन्सरवर पाण्याची बारीक धार सोडावी, आणि दोन-तीन मिनिटांत आतली हवा स्पष्ट गार झाली तर उष्णता बाहेर टाकण्याच्या बाजूलाच अडचण आहे असे मानण्यास सबळ आधार मिळतो.

यानंतर कॉम्प्रेसर फिरतो की नाही, आणि सतत फिरतो की नाही, हे पाहावे लागते. त्याच्या तोंडाशी विद्युतचुंबकीय क्लच असतो. बटण दाबल्यावर चकती पुलीला चिकटते व आत फेरे सुरू होतात. वर्षानुवर्षांच्या झिजेने चकती व पुली यांतील फट वाढते, आणि क्लचची गुंडाळी गरम झाली की तिचा विद्युतरोध वाढून चुंबक अशक्त होतो. परिणामी सकाळी बिनचूक चालणारा एसी दुपारी दोनला चकती ओढू शकत नाही. ही फट साधारणपणे अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असावी लागते व अनेक कॉम्प्रेसरमध्ये चकतीखालची पातळ वायसर काढून ती पूर्ववत करता येते, तरीही या दोषासाठी संपूर्ण कॉम्प्रेसर बदलण्याचा सल्ला दिला जाणे ही गोष्ट खेदाची आहे. पट्टा सैल असेल तर तो घसरतो व करकरतो. इंजिन फार तापल्यास नियंत्रक एसी बंद करतो, म्हणून शीतलक पाण्याची दुरवस्था हीदेखील मंद एसीचे कारण असू शकते. धानाच्या कोठ्या ज्या अंगणात आहेत तेथे उभ्या असणाऱ्या गाडीत आणखी एक शक्यता जमेस धरावी लागते: मळणीनंतर उंदीर व घुशी उबेसाठी इंजिनकक्षात शिरतात आणि दाब-स्विचच्या किंवा पंख्याच्या तारा कुरतडतात.

आतल्या बाजूचे दोष ओळखण्याचे सूत्र वेगळे आहे. हवा कमी येते पण जी येते ती गार असते, अशी अवस्था असेल तर प्रशीतकाच्या मार्गात दोष नसून हवेच्या मार्गात अडथळा आहे. ज्या गाड्यांत केबिन फिल्टर आहे तेथे तो काढून पाहावा. मारुती ८०० सारख्या गाड्यांत असा फिल्टर नव्हताच, त्यामुळे रस्त्याची सगळी धूळ थेट ओल्या कूलिंग कॉइलवर बसत गेली आणि काही वर्षांत तिचा लगदा होऊन कुबट वास येऊ लागला. हवा भरपूर येते पण कोमट असते, आणि नळ्या मात्र इंजिनकक्षात हाताला थंडगार लागतात, असे असेल तर हीटरची झडप अर्धवट उघडी राहिली असण्याची शक्यता मोठी असते. या जिल्ह्यात हीटर वापरण्याचे दिवस मोजकेच, म्हणून तिची केबल अडकल्याचे कोणाच्या लक्षात येत नाही. बाहेरची हवा घेणारा पडदाही तपासावा, कारण ४४ अंशांची ताजी हवा सतत थंड करण्यापेक्षा आतली ३० अंशांची हवा पुन्हा फिरवणे यंत्रणेला फार सोपे जाते. उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीच्या आतील तापमान बाहेरच्यापेक्षा बरेच चढलेले असते, तेव्हा सुरुवातीची दोन मिनिटे काचा उघड्या ठेवून तापलेली हवा जाऊ देणे आणि मग आतली हवा फिरवणे हा क्रम योग्य होय.

एवढे सर्व पाहून झाल्यावर गॅसचा विचार करावा, आणि तो केवळ मापकावरच्या एका आकड्यावरून करू नये. बंद यंत्रणेतील दाब हा आत किती प्रशीतक आहे यावर नव्हे, तर तापमान किती आहे यावर अवलंबून असतो, जोवर आत थोडासाही द्रव शिल्लक आहे तोवर. ४० अंशांच्या दुपारी इंजिन बंद असताना मापक सुमारे १३० पीएसआय दाखवेल, मग आत शंभर ग्रॅम असो की चारशे. यामुळे स्थिर दाब पाहून ‘गॅस पूर्ण आहे’ असे म्हणणे चुकीचे ठरते. उलट या आकड्यापेक्षा दाब बराच जास्त दिसला तर आत हवा शिरली आहे, एवढा निष्कर्ष मात्र काढता येतो. यंत्रणा चालू असताना दोन्ही बाजूंचे दाब एकत्र वाचावे लागतात. दोन्ही कमी असतील तर गळती संभवते. कमी दाबाची बाजू वाढलेली व जास्त दाबाची उतरलेली असेल तर कॉम्प्रेसर आतून झिजला आहे. कमी दाबाची बाजू निर्वातापर्यंत उतरत असेल तर एक्सपान्शन व्हॉल्व्ह तुंबला आहे, किंवा आतला ओलावा तेथे गोठतो आहे. दुसऱ्या स्थितीत एसी काही वेळ उत्तम चालतो, मग थांबतो, आणि गाडी थोडा वेळ उभी राहिली की पुन्हा चालतो. दोन्ही बाजू जास्त असतील तर कंडेन्सर तुंबला आहे, हवा शिरली आहे, अथवा पूर्वी कोणीतरी प्रमाणाबाहेर गॅस भरला आहे.

या शेवटच्या शक्यतेकडे विशेष लक्ष देणे आवश्यक आहे. दाबाचे आकडे सौम्य हवामानासाठी छापलेल्या तक्त्यांतून घेतले तर भंडाऱ्याच्या मे महिन्यात दिशाभूल होते. जो दाब पुण्याच्या जानेवारीत आजाराचे लक्षण ठरेल तो येथे निरोगी यंत्रणेचा असू शकतो, आणि याच्या उलटही. कचऱ्याने कोंडलेल्या गाडीत शीतन कमी वाटते म्हणून अंदाजाने गॅस भरला, तर जास्तीचा द्रव कंडेन्सरच्या खालच्या नळ्या व्यापतो, द्रवीकरणासाठी उरलेले क्षेत्र घटते, दाब आणखी चढतो आणि उन्हाच्या कडाक्यात गाडी पूर्वीपेक्षा कमी गार होते. लहान मोटारीच्या यंत्रणेत सर्व मिळून अर्ध्या किलोच्या आसपासच प्रशीतक मावतो, आणि नेमके वजन बॉनेटखालच्या चिठ्ठीवर ग्रॅममध्ये लिहिलेले असते. तेव्हा पन्नास-साठ ग्रॅमांची चूकही लहान नसते. वजनकाट्याशिवाय केलेला भरणा हा अंदाजच असतो, तो करणारा हात कितीही अनुभवी असला तरी.

गळती शोधणे हे संयमाचे काम आहे आणि ते गॅस भरण्यापूर्वी झाले पाहिजे. प्रशीतकाबरोबर कॉम्प्रेसरचे तेलही फिरत असल्याने जेथून गळते तेथे तेलकट डाग पडतो व त्यावर धूळ चिकटते. नळ्यांचे सांधे, रबरी ओ-रिंग, कॉम्प्रेसरच्या दांड्याची सील आणि भरणाच्या झडपा या ठिकाणी तो प्रथम पाहावा. वैनगंगेच्या वाळूची व गिट्टीची वाहतूक करणाऱ्या टिप्परांच्या मागे महामार्गावर धावणाऱ्या गाड्यांच्या कंडेन्सरला खड्याने भोक पडणे ही याच रस्त्यांनी दिलेली देणगी आहे. डाग दिसला नाही तर कोरडा नायट्रोजन दाबाने भरून साबणाचा फेस लावावा, किंवा अतिनील प्रकाशात चमकणारा रंग मिसळून काही दिवसांनी तपासावे. दाब-चाचणीसाठी साधी हवा वापरू नये, कारण तिच्याबरोबर ओलावा आत जातो. कूलिंग कॉइल गळत असेल तर डॅशबोर्ड उतरवावा लागतो, खर्च व वेळ दोन्ही वाढतात, आणि म्हणूनच ही गळती न सांगता दरवर्षी गॅस भरत राहण्याचा मोह दोन्ही बाजूंना होतो.

सांधा उघडला की ड्रायर बदलावा, तेल योग्य जातीचे घालावे आणि त्यानंतर निर्वात पंप किमान अर्धा तास चालवावा. निर्वाताचा हेतू केवळ हवा काढणे हा नसतो. दाब पुरेसा उतरला की पाणी ३० अंशांनाही उकळते आणि वाफ होऊन पंपावाटे निघून जाते. ते आत राहिले तर तेलाशी संयोग पावून आम्ल तयार करते व ॲल्युमिनियम पोखरते. पाच मिनिटे पंप लावून भरणा सुरू करणारी कामशाळा हवा काढते, पाणी मात्र आतच ठेवते. स्वस्त पर्याय म्हणून घरगुती सिलिंडरचा ज्वलनशील वायू भरण्याचा प्रकार कोणी सुचवला तर तो ठामपणे नाकारावा, कारण कूलिंग कॉइल फुटल्यास तो बंद काचांच्या आत, माणसांमध्ये जमा होतो.

प्रशीतकाच्या निवडीचा इतिहास जुन्या गाड्यांच्या बाबतीत अजून जिवंत आहे. ॲम्बॅसेडर किंवा प्रीमियर पद्मिनीत डॅशबोर्डखाली बाहेरून बसवलेल्या एसीमध्ये आर-१२ असे. तो ओझोनच्या थराचा नाश करतो म्हणून १९८७ च्या मॉन्ट्रियल करारान्वये जगाने त्याचा त्याग करण्याचे ठरवले, भारत १९९२ मध्ये या करारात सामील झाला आणि २००८ मध्ये देशातील त्याचे उत्पादन थांबले. आर-१३४ए ओझोनला इजा करत नाही. परंतु शंभर वर्षांच्या हिशेबाने तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे १,४३० पट उष्णता अडवतो. अर्धा किलो आर-१३४ए हवेत सुटणे म्हणजे सातशे किलोहून अधिक कार्बन डायऑक्साइड सोडणे, आणि तेवढा कार्बन डायऑक्साइड सुमारे तीनशे लिटर पेट्रोल जाळल्याने निघतो. २०१६ च्या किगाली दुरुस्तीने अशा वायूंचाही वापर टप्प्याटप्प्याने कमी करण्याचे ठरले व भारताने २०२१ मध्ये तिला मान्यता दिली. तरीही नवा गॅस भरण्यापूर्वी जुना गॅस झडप दाबून मोकळ्या हवेत सोडून देण्याची सवय गेलेली नाही. वायू परत खेचून साठवणारे यंत्र महाग असते हे खरे. परंतु भंडारा, तुमसर, साकोली अशा ठिकाणच्या कामशाळांनी मिळून असे एक यंत्र वापरण्यास काहीच हरकत नसावी, आणि गॅस तोलून काढता येणे हा निदानासाठीही त्याचा मोठाच लाभ आहे.

जून उजाडला की याच यंत्रणेपुढची समस्या बदलते. विदर्भातील घराघरांत दिसणारा वाळ्याचा किंवा वुडवूलचा कूलर कोरड्या मे महिन्यात उत्तम चालतो, कारण तो पाण्याचे बाष्प करून हवा थंड करतो, आणि रोवणीच्या दिवसांत हवा आधीच बाष्पाने भरलेली असल्याने तो निरुपयोगी ठरतो. मोटारीच्या एसीला या दिवसांत हवा थंड करण्याबरोबरच तिच्यातील पाणीही पिळून काढावे लागते. तासाभरात एक लिटर पाणी काढण्यासाठी जवळजवळ सातशे वॅट इतके शीतन केवळ त्या पाण्यावर खर्च होते, आणि लहान गाडीच्या यंत्रणेची एकूण क्षमता तीन-चार हजार वॅटच्या घरात असते. म्हणून ऑगस्टमध्ये गाडीखाली पाणी ठिबकणे हे आरोग्याचे लक्षण आहे; ते ठिबकत नसेल व पायाखालची चटई भिजत असेल तर निचऱ्याची नळी तुंबली आहे. तासभर चालल्यानंतर हवेचा झोत हळूहळू मंदावत जात असेल तर कॉइलवर बर्फ जमतो आहे असे समजावे. एसी बंद करून ब्लोअर दहा मिनिटे चालू ठेवल्यावर झोत परतला तर तापमान जाणणारा संवेदक आपल्या जागेवरून सरकला आहे किंवा बिघडला आहे. हिवाळ्यात मात्र यंत्रणा महिनोन्‌महिने बंद ठेवू नये. दांड्याची सील तेलाने ओली राहण्यासाठी पंधरवड्यातून एकदा दहा मिनिटे ती चालवणे पुरेसे असते.

निदानात शेवटी अडचण येते ती तुलनेची. मे २०२४ च्या अखेरीस नागपुरातील एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंशांची नोंद दाखवली तेव्हा संवेदक बिघडल्याचे हवामान विभागाने स्पष्ट केले, आणि हे शक्य झाले ते शेजारच्या केंद्रांच्या नोंदी उपलब्ध होत्या म्हणून. जुन्या मोटारीच्या एसीबाबत अशी नोंद बहुधा कोणीच ठेवत नाही, आणि पावतीवर ‘गॅस चार्जिंग’ एवढे दोन शब्द असतात. त्याऐवजी मालकाने सहा गोष्टी लिहून मागाव्यात: जुना गॅस किती ग्रॅम निघाला, नवा किती ग्रॅम भरला, तेल किती घातले, दोन्ही बाजूंचे दाब किती होते, त्या वेळी बाहेरचे तापमान किती होते आणि मधल्या झरोक्यातून येणाऱ्या हवेचे किती. शेवटचा आकडा साध्या थर्मामीटरने घरीही घेता येतो. समजा, साडेचारशे ग्रॅम भरलेल्या गाडीतून पुढच्या उन्हाळ्यात चारशे तीस ग्रॅम निघाले, तर रबरी नळ्यांतून झिरपणाऱ्या वायूच्या मानाने हे सामान्य आहे आणि दोष कंडेन्सर, पंखा किंवा क्लच यांत शोधावा. तीनशे ग्रॅम निघाले, तर वर्षाला दीडशे ग्रॅम गळत आहेत, आणि ती जागा सापडेपर्यंत त्या गाडीत एक ग्रॅमही गॅस भरू नये.